कांतिणीची सरकी

“आठ झाले,” मी म्हणालो. “अजून दोन सापडले की माझे दहापैकी दहा.”

“माह्या एका लेखात आठ चुका?” शालूनं मान पुढं काढून माझ्या हातातला कागद पाहिला. कागदावर तिच्या निळ्या अक्षरापेक्षा माझं लाल अक्षरच जास्त झालं होतं.

“चुका नाहीत, सूचना आहेत,” मी ऐटीत सांगितलं.

आम्ही प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो होतो. बीएस्सीचं शेवटचं वर्ष. प्राणिशास्त्राच्या वैरागडे मॅडमनी त्या वर्षी नवीनच टूम काढली होती. इंटरनेटवर जो खुला मराठी ज्ञानकोश आहे, त्यात प्रत्येकानं एकेका प्राण्यावर लेख लिहायचा. आधी कागदावर मसुदा करायचा, तो वर्गातल्याच दुसऱ्या कुणी तपासायचा, मग तो संगणकावर चढवायचा. लेखाला दहा गुण आणि तपासणाऱ्यालाही दहा. पोरं एकमेकांच्या वह्यांवर ‘छान आहे’ लिहून मोकळी होतात हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी नियम केला होता की तपासणाऱ्यानं काढलेल्या प्रत्येक रास्त दोषाला एक गुण. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, ते हेच. आमच्या वर्गातलं सगळ्यात हुशार माकड मी होतो.

शालिनी कुमरे तीन वर्षं माझ्या शेजारी बसत होती. चौदा किलोमीटरवरच्या खेड्यातून एसटीनं यायची. तिच्या आकृत्या मी उतरवायचो, माझी टिपणं ती उतरवायची. आमच्यात दुसरं काही नव्हतं, पण डबा एकत्र खाण्याइतकं होतं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तिचा लेख माझ्याकडं आला, तशी ती हसून म्हणाली होती, “सुटली मी.”

तिनं लांडगा कोळी घेतला होता. हा कोळी जाळं विणत नाही, जमिनीवर पळून शिकार धरतो. आमच्या यवतमाळकडं कोळ्याला कांतीण म्हणतात. कपाशीच्या रानात ढेकळांमधून ही करडी कांतीण पळताना कुणीही पाहिलेली असते. पाहून पुढं जायचं, एवढंच आपण करतो.

लेखाच्या शेवटी एक परिच्छेद होता. तो मला अजून पाठ आहे.

‘मादी अंड्यांची पिशवी शरीराच्या मागच्या टोकाला चिकटवून सगळीकडे नेते. पिशवी तुटून पडली तर ती जागा सोडत नाही, शोधत राहते. अशा वेळी तिच्यापुढे पोची सरकी टाकली, तर ती सरकी उचलते, पिशवीसारखी मागे चिकटवते आणि सांभाळते. ती सरकी ती मध्येच टाकून देत नाही. कापूस वेचणाऱ्या बायकांनी हे पाहिलेले आहे.’

“हे कुठल्या पुस्तकात आहे?” मी विचारलं.

“पुस्तकात नाही. मायनं पायलं.”

“मग नाही चालणार. स्वतःचं निरीक्षण कोशात चालत नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंय.”

“स्वतःचं कुठं? मायचं हाय.”

“आईचं तर अजिबातच नाही,” मी म्हणालो आणि माझ्याच विनोदाला हसलो.

शालू हसली नाही. तिनं कागदावर तळवा ठेवला. “हेमंत, बाकीचं सारं काप. नववी, दहावी, बारावी चूक काढ. तेवढं एक राहू दे. मी मायले सांगून ठेवलं हाय, का तुह्यं म्हननं पुस्तकात येते म्हनून. ती वाट पाहून रायली.”

तिची आई बरी नव्हती, हे मला माहीत होतं. पोटाचा रोग होता. दसऱ्याच्या आसपास मोठ्या दवाखान्यातून ‘आता घरीच ठेवा’ असं सांगून परत पाठवलं होतं. तेव्हापासून शालू शेवटचे दोन तास बुडवून दुपारच्याच गाडीनं घरी जायची.

“मॅडमना विचारून पाहा,” मी म्हणालो.

“विचारलं. म्हनल्या, तपासणारानं मान्य केलं तं मी पाहीन.”

म्हणजे सगळं माझ्यावर होतं. आज वाटतं, मी ‘राहू दे’ म्हणालो असतो तर आभाळ कोसळणार नव्हतं. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस कुणाचं ऐकत नाही. मला तर नववा आणि दहावा गुण समोरच दिसत होता. मी तिचा हात बाजूला सारला आणि समासात लिहिलं, ‘९. संदर्भ नाही. ऐकीव माहिती. परिच्छेद वगळावा.’ त्याखाली, शास्त्राला धरून असावं म्हणून, आणखी एक: ‘१०. “सांभाळते” हा शब्द भावनिक. मादीला खरी पिशवी आणि सरकी यांतला फरक कळत नाही. ती चुकून परकी वस्तू वाहते. यात माया वगैरे काही नाही.’

शालूनं दहावी सूचना वाचली. पुन्हा वाचली.

“चुकून?” तिनं विचारलं.

“मग काय. फसते ती.”

तिनं कागदाची घडी केली आणि वहीत ठेवली. “बरं,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं त्या परिच्छेदाशिवाय लेख चढवला. तिला नऊ मिळाले, मला दहा. ‘तपासायचं असं असतं,’ म्हणून मॅडमनी माझा लाल कागद वर्गात फिरवला. आठवडाभर मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो.

डिसेंबरात एक दिवस शालू म्हणाली, “हेमंत, रविवारी आमच्या घरी येशीन? माय तुले बलावून रायली.”

“मला? कशाला?”

“लेख आयकाचा हाय तिले. म्हनते, ज्यानं तपासला त्याच्या तोंडून आयकीन.”

मी गेलो. फाट्यावर शालू उभी होती. तिथून घरापर्यंत मैलभर चालायचं होतं. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती, बायका वेचत होत्या. अर्धी वाट ती पुढं चालत राहिली. मग थांबली.

“काढलेलं तिले माहीत नाही,” ती म्हणाली. “मी सांगतलंच नाही. तुले तेवढं पाठ असंल ना?”

“आहे.”

“मंग शेवटी तेवढं तोंडी वाचशीन? कागदावर नसलं तरी? तिले कुठं वाचता येते.”

मी लगेच हो म्हणालो नाही. जे छापलेलंच नाही ते छापलंय असं भासवून वाचायचं, तेही मरणाच्या दारातल्या बाईपुढं, हे मला खोटेपणाचं वाटलं. निदान मी स्वतःची तशी समजूत घातली. खरं असं की, मीच कापलेलं मीच वाचायचं, हे माझ्या नाकाला झोंबलं.

“पाहू,” मी म्हणालो.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत कापसाचा ढीग, आणि ढिगाला लागून खाट. शालूचे वडील शेतावर गेले होते. खाटेवर गिरजाबाई उशाला टेकून बसल्या होत्या. अंगावर मांस उरलं नव्हतं, पण बोटं चालू होती. ढिगातून एकेक बोंडाचा कापूस ओढून त्या रुई एकीकडं आणि सरकी एकीकडं करत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. हातांना सवय होती, म्हणून चाललं होतं.

“हाच का तपासणारा?” त्यांनी विचारलं.

“हो माय. हेमंत. हेमंत काळबांडे.”

“बस बाबू. तूच वाच. शाली वाचते तं मले वाट्टे, पोरगी मायचं मन राखून रायली. तपासणारानं वाचलं म्हंजे पक्कं.”

मी कागद काढला आणि वाचायला लागलो. वर्गीकरण, आढळ, शरीररचना. बाईंना त्यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण त्या मान हलवत होत्या.

“आठ डोये?” मध्येच म्हणाल्या. “बापा! अन् तरी आमच्या पायाखाली येते.”

शालू चुलीशी चहा ठेवत होती. ती हसली. त्या दिवशी ती हसलेली मी तेवढंच पाहिलं. मी पुढं वाचलं. शिकार कशी करतो, पिलं आईच्या पाठीवर कशी बसतात.

“बसतात, बसतात,” गिरजाबाई म्हणाल्या. बोटं थांबली होती. “आता माहं येते पाय, शाले. आता येते.”

मी शेवटच्या ओळीवर आलो. ओळ संपली. मी खालची संदर्भांची यादीसुद्धा वाचली, लेखकांची नावं, सालं, पानं. तीही संपली. मग मी वर पाहिलं. शालू दारात उभी होती, हातात चहाच्या दोन कपबश्या. ती माझ्याकडं पाहत होती. ते पाच वाक्यांचं बोलणं माझ्या जिभेवर होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं.

“झालं, मावशी,” मी म्हणालो.

“झालं?”

“हो.”

“सरकीचं नाही आलं,” गिरजाबाई म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही. लग्नाच्या पंगतीत आपल्या पानापर्यंत बुंदी आली नाही, तर माणूस जसं हळूच सांगतं तसं.

“जागा पुरली नाही त्याईले, माय,” शालू घाईनं म्हणाली. “थोडक्यात लेहा लागते.”

पण बाई माझ्याकडंच पाहत होत्या. “तुले खोटं वाटलं का, बाबू?”

“खोटं नाही, मावशी,” मी म्हणालो. इथं तरी गप्प बसावं ना? पण शहाण्याला गप्प बसवत नाही. “पुस्तकात पुरावा लागतो. आणि तसंही, ही आपली पिशवी नाही हे त्या जिवाला कळतच नाही. तेवढी बुद्धी नसते त्याला. फसतो तो.”

गिरजाबाई हसल्या. त्यांनी समोरच्या सरक्यांमधून दोन उचलल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या. एक भरलेली होती, एक पोची.

“कळते, बाबू. पाय बरं, पोची हलकी रायते. वजनावरून कळते तिले. कळते, अन् मंग उचलते.”

“नाही, मावशी,” मी म्हणालो. “नाही कळत.”

त्यांनी वाद घातला नाही. “तुमी शिकलेले,” म्हणाल्या. उशाला टेकून डोळे मिटले आणि थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणाल्या, “चहा दे त्याले, शाले. थंडा होते.”

फाट्यावर एसटीला अजून पाऊण तास होता. शालू माझ्यासोबत आली होती. दगडावर बसली.

“तू म्हनला होता, वाचतो म्हनून.”

“पाहू म्हणालो होतो.”

“हो,” ती म्हणाली. “पाहू म्हनला होता.”

 कापसाच्या गाठोड्यांनी लादलेली एक बैलगाडी आमच्यासमोरून गेली. गाडीवाल्यानं तिला आईची तब्येत विचारली. ती ‘तशीच हाय’ म्हणाली. गाडी दूर गेल्यावर ती एकदम बोलायला लागली.

“मी तिची नाही, हेमंत.”

“म्हणजे?”

“तिची पोरगी दीड महिन्याची असतानी वारली. तेरा दिवस झाले अन् माय वेचणीले गेली. घरी बसून काय करंन? बांधावर बसली तं तिच्या हाताखाली कांतीण आली. पिशवी तुटून पडली, चेंदली. मायच्या हातूनच. तं ते कांतीण तिथंच फिरे. इकून फिरे, तिकून फिरे, जागा सोडेना. मायले पायवेना. तिनं ओटीतली पोची सरकी तिच्यापुढं टाकली. कांतिणीनं आधी चाचपून पायली. सोडली. फिरून आली. मंग उचलली. चार दिवस माय त्याच बांधावर जाऊन पाहे. चारी दिवस सरकी तिच्यापाशी.”

मी दगडाच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

“त्याच हप्त्यात बाहेरगावहून वेचणीले आलेली एक बाई बाळंतपणात गेली. तिचा नवरा म्हने, मी एकला लेकराचं काय करू? गावात कोनी घेईना. मायनं घेतलं. ते मी.”

“तुला हे कधी कळलं?”

“तिले दवाखान्यातून परत आनलं त्या दिवशी. तिनं आधी कांतिणीचं सांगतलं, मंग माहं. म्हने, सारे म्हनत होते का दुसऱ्याचं बीज हाय, पोचं निघंन. माही सरकी तं भरलेली निघाली.” शालूनं ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली. “मी तवा काहीच नाही बोलली. मले बोलताच नाही आलं. आमच्या घरात असं तोंडावर कोनी बोलत नाही. म्हनून मी लेखात लेहलं. म्हनलं, तिले वाचून दाखवीन. म्हंजे तिले समजंन, का मले समजलं.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. दहाव्या सूचनेतलं ‘चुकून’. आणि आत्ता खोलीत, खाटेवरच्या बाईला, तिच्याच पोरीच्या देखत, मी दोनदा सांगून आलो होतो की तिला फरक कळला नव्हता, ती फसली होती. मला त्या दगडाखाली शिरावंसं वाटलं.

“शालू, आता परत जाऊ. मी वाचतो,” मी म्हणालो. “खरंच वाचतो.”

“झोपली असंल ती आता. लय वेळ बसली आज तुह्यासाठी.” ती उठली. धूळ झटकली. “राहू दे. मीच सांगीन उद्या.”

एसटी आली. मला माफी मागायची होती, पण कंडक्टरनं घंटी मारली आणि मी चढलो. माणसाला जे बोलायचं नसतं त्याला असं काही ना काही निमित्त बरोबर सापडतं.

उद्याचा दिवस आला नाही. त्याच रात्री गिरजाबाईंची शुद्ध हरपली. नंतर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. संक्रांतीच्या आधी गेल्या.

पुढं शालूनं परीक्षा दिली, पास झाली, आणि एका आश्रमशाळेत शिकवायला लागली. तिच्या लग्नाला मी गेलो होतो. आमच्यात भांडण असं कधी झालंच नाही. भांडायला ती बोलली तर पाहिजे.

मीही मास्तरच झालो. प्राणिशास्त्रच शिकवतो. सोळा वर्षांनी एकदा नागपूरला एका ग्रंथालयात दुसरंच काही शोधत होतो, आणि एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक हाती आलं. त्यात ते होतं. कुणा परदेशी माणसानं शंभर वर्षांपूर्वी लांडगा कोळ्याच्या मादीपुढं बुचाची गोळी टाकली होती, कागदाची टाकली होती. तिनं ती उचलली, मागे चिकटवली आणि वागवली. संदर्भ होता. आमच्या जन्माआधीपासून होता. मी तो नाही म्हणून लिहिलं, पण शोधला मात्र नव्हता. अडलेल्या ठिकाणी तपासणाऱ्यानं संदर्भ शोधायला मदत करावी, असंही मॅडमच्या नियमांत एक वाक्य होतं. त्याला गुण नव्हते.

त्या संध्याकाळी मी शालूचा लेख उघडला. तो तसाच होता. शेवटी तिचा परिच्छेद शब्दाला शब्द घातला, त्याला पुस्तकाचं नाव, साल, पान जोडलं. जिथं ‘पोची सरकी’ होती तिथं मात्र ‘बुचाची किंवा कागदाची गोळी’ लिहावं लागलं, कारण पुस्तकात सरकी नव्हती. कापूस वेचणाऱ्या बायकाही काढाव्या लागल्या. मग तिला फोन लावला.

“तुझा परिच्छेद चढवला,” मी म्हणालो. “संदर्भ सापडला, शालू.”

 “वाच,” ती म्हणाली.

मी वाचलं. पिशवी तुटते, ती शोधत राहते, गोळी उचलते, सांभाळते. ‘सांभाळते’ मी तसंच ठेवलं होतं.

“झालं?” तिनं विचारलं.

तोच शब्द. माझ्या टेबलाच्या खणात एका काडेपेटीत दोन सरक्या आहेत, एक भरलेली, एक पोची. मी खण उघडला नाही. पण हाताला त्यांचं वजन कळलं.

“नाही,” मी म्हणालो. “अजून आहे. ‘ती सरकी आपली नाही हे मादीला कळते. पोची सरकी हलकी असते, वजनावरून कळते. कळते, आणि मग ती उचलते.’”

“असं लेहलंय तिथं?”

“नाही.”

 तिच्या मागं कुठं तरी आश्रमशाळेची पोरं पाढे म्हणत होती.

“हे तवाच वाचाचं होतं ना रे, हेमंत,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता.